न हुंगलेली बाटली

दुकानासमोरच्या फळ्यावरचा पेट्रोलचा भाव मोसेसे दुकानदार पुसत होता, तेव्हा माझा नवरा नेतानी रिकामा कॅन हातात धरून तिथंच उभा होता.

"अरे, मी पैसे देईपर्यंत तरी थांब," नेतानी म्हणाला.

"मी कुठं पुसतोय? तिकडं राजधानीत बसलेले सुवावाले पुसतात," मोसेसे म्हणाला. "माझ्या हातात नुसता खडू."

हे मला मोसेसेच्या बायकोनं सांगितलं. माझा नवरा असलं काही घरी येऊन सांगणाऱ्यातला नाही. तो आला, कॅन दाराआड ठेवला आणि वर जाळं टाकलं, म्हणजे तो अर्धाच भरलाय हे मला दिसू नये. मी काय आंधळी आहे? पूर्ण भरलेला कॅन तो खांदा वाकडा करून आणतो, आज सरळ चालत आला होता.

आमच्या बेटावर रस्ता नाही, तेव्हा गाडीही नाही. गाडी म्हणजे फायबरची होडी आणि तिच्या शेपटाला लावलेलं इंजिन. बाजार, दवाखाना, मोठी शाळा, सगळं समोरच्या मोठ्या बेटावर. मध्ये खडपाची लांब रांग, तिच्यात एक खिंड, आणि खिंडीबाहेर उघडा समुद्र. नेतानीनं वर्षानुवर्षं डोंगरात यांगोनाची झाडं वाढवली, सगळी मुळं एकदम उपटून विकली आणि हे इंजिन आणलं. गावातले पुरुष संध्याकाळी त्याच मुळांचा काढा पीत बसतात. माझा नवरा प्यायला बसला तरी त्याचा एक डोळा इंजिनावर असायचा. रात्री त्यावर गोणपाट टाकायचा. माझ्यावर कधी पांघरूण टाकलं नसेल इतक्या मायेनं.

पेट्रोल असं चढत गेलं तसे होडीवाले एकेक करून गळाले. वातेमोनं इंजिन विकलं आणि ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेला. त्याचं धाकटं पोर आता फोनमधल्या बापाला काका म्हणतं. गावप्रमुख नेतानीलाही दोनदा म्हणाले होते, "नाव देऊन टाक रे, बळकट आहेस, लगेच घेतील." नेतानी म्हणायचा, "इंजिन चालतंय तोवर मी इथं." मी काही बोलायची नाही. पण रोज पहाटे ती दोरी ओढल्यावर इंजिन पेटलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

खरी पंचाईत वेगळीच होती. गावात भाडं मागायचं कुणाकडे? होडीत बसणारा एक तर काका, नाहीतर मामा, नाहीतर माझ्या माहेरचा. आपल्या माणसानं मागितलं की द्यायचं, अशी आमची रीत. पूर्वी लोक उतरताना फळीखाली काहीबाही सरकवून जायचे, त्यात भागायचं. आता फळीखालच्या पैशात खिंडीपर्यंतसुद्धा जाता येईना.

शेवटी उरलेले होडीवाले यांगोनाच्या भांड्याभोवती बसले. मी बाहेर मासे साफ करत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"मी परवा रिकाम्या टाकीनंच परत आलो," एक जण म्हणाला. "येताना अर्धी वाट वल्ही मारली. खांदे बघ."

"मी आता इंजिन मुंगीच्या चालीनं चालवतो," दुसरा म्हणाला. "माझी सासू म्हणाली, पोहत लवकर गेले असते."

सगळे हसले. मग इसोआ बोलला. हा इसोआ आमच्या शेजारचा, नेतानीच्या बरोबरीचा, आवाज असा की कुजबुजला तरी चर्चपर्यंत पोचावा. "पैसे मागायचेच नाहीत," तो म्हणाला. "तेल मागायचं. ज्याला बसायचंय त्यानं कोल्ड्रिंकची बाटली भरून पेट्रोल आणायचं. ऑइल आपण मिसळू."

"आणि नाही आणली तर?"

"तर किनाऱ्यावर उभं राहून हात हलवायचा."

नेतानीनं वाटी संपवून रीतीप्रमाणे टाळी वाजवली आणि म्हणाला, "चालेल. पैसे मागायला जीभ रेटत नाही. बाटली मागता येईल."

दुसऱ्या दिवसापासून किनारा बघण्यासारखा झाला. अळूच्या टोपल्या, कोंबड्या, पोरं, आणि प्रत्येकाच्या काखेत बाटली. पहिला आठवडा मजेत गेला. मग कुणीतरी बाटलीत निम्मं पाणी घातलं. कुणी ते कळलंच नाही, आणि इंजिन खोलून पुसण्यात नेतानीची दोन दिवसांची मासेमारी बुडाली. तेव्हापासून होडीवाल्यांनी ठरवलं, बाटली हातात आली की बूच काढायचं, उजेडात धरायची आणि हुंगायची.

तिथून बिनसलं. बाटली आणायला लोकांची ना नव्हती, पण हुंगणं नाकाला झोंबलं. म्हातारी लाइसा तर नेतानीवर धावूनच गेली.

"तुझ्या बापाला मी कडेवर खेळवलाय, आणि तू माझी बाटली हुंगतोस?"

"मावशी, सगळ्यांचीच हुंगतो."

"मग ये, माझी बगल पण हुंग! चोर कुठं दडवलाय बघ!"

किनारा हसून लोळला. नेतानीचे कान लाल झाले, पण त्यानं हुंगली. मग तिला हात धरून होडीत बसवलं आणि टोपली मांडीवर दिली. संध्याकाळी घरी आल्यावर तो जेवला नाही. "ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांच्या बाटल्या हुंगायच्या," तो म्हणाला. "या पेट्रोलनं काय करून ठेवलं बघ आपलं."

"मग नको हुंगू," मी म्हणाले.

"आणि इंजिन?" तो म्हणाला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

माकेरेता ही नेतानीची सख्खी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणते. नवरा वारल्यावर दोन पोरींना घेऊन माहेरी आली, गावाच्या टोकाला राहते आणि केवड्याच्या पात्यांच्या चटया विणते. नणंद-भावजयीनं एकमेकींची टर उडवायची ही इथली रीतच, आणि आम्ही दोघी ती पुरेपूर पाळतो. मला ती 'दुसऱ्या बेटावरची खेकडी' म्हणते. पण तिच्या भावाशी तिचं बोलणं नाही. भांडण नाही हं, तसं काही नाही. भाऊ-बहीण मोठे झाले की एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या हातातून वस्तू घ्यायची नाही, नाव घ्यायचं नाही. तो तिचा मान. माझ्या माहेरी हे पुष्कळ सैल झालंय, या गावात अजून दगडासारखं. नेतानी तिच्याबद्दल माझ्याशी बोलतानासुद्धा 'त्या टोकाच्या घरच्या' म्हणतो. पण पकडलेल्या माशांतला सगळ्यात मोठा मासा कुणाच्या दाराशी टांगलेला असतो, ते मी रोज बघते.

त्या गुरुवारी बाजार होता. आक्का शेवटी आली, खांद्यावर चटयांची गुंडाळी, हातात सॉसची जुनी तपकिरी बाटली. तिनं ती वाळूत ठेवली, चार पावलं मागं सरली आणि समुद्राकडे बघत उभी राहिली. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपल्या चढवत होते. नेतानीनं बाटली उचलली. सवयीनं त्याचं बोट बुचावर गेलं आणि तिथंच थांबलं. सगळ्या गावादेखत सख्ख्या बहिणीची बाटली हुंगायची म्हणजे तिला तोंडावर चोर म्हणायचं, आणि ज्या तोंडानं तिच्याशी बोलत नाही त्या तोंडानं. त्यानं बाटली तशीच इंजिनाशेजारी कोपऱ्यात उभी केली.

"त्यांना सांग, मध्ये बसा, पुढं पाणी उडतं," तो मला म्हणाला.

"आक्का, मध्ये बसा म्हणे, पुढं पाणी उडतं," मी म्हणाले. आक्का पुढंच जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून.

मीही बाजाराला बरोबर होते. जाताना समुद्र शांत होता. बाजारात आक्काच्या चटया गेल्या, तिनं पीठ घेतलं, पोरींसाठी दोन वह्या घेतल्या. येताना वारा उलटला. लाटांवर चढताना इंजिन घसा फोडून ओरडत होतं. पूर्वी नेतानी जादा कॅन घेतल्याशिवाय निघायचा नाही. आता बेतानंच तेल असायचं. खिंडीच्या तोंडाशी आलो आणि टाकी संपली.

"घाबरू नका, एक बाटली आहे," नेतानी म्हणाला. त्यानं तपकिरी बाटली घेतली, ऑइल मिसळलं, टाकीत ओतली आणि दोरी ओढली. इंजिन पेटलं. थोडं पुढं गेलं, मग खोकलं, पांढरा धूर सोडला, आणि बंद पडलं. नेतानीनं दोरी ओढली. परत ओढली. त्याच्या दंडाच्या शिरा दोरीसारख्या दिसायला लागल्या. धुराचा वास माझ्याकडे आला, आणि तो वास मला ओळखीचा होता. रोज संध्याकाळी कंदील विझवताना येतो तो.

"वल्ही!" नेतानी ओरडला.

आम्ही सगळ्यांनी जे हाताला लागेल ते घेतलं. कुणी वल्हं, कुणी फळी, म्हाताऱ्या लाइसानं तर अळूच्या टोपलीचं झाकण. मागून लाट आली, होडी उचलली आणि आडवी करून खडपावर टाकली. खालून असा आवाज आला की माझे दात शिवशिवले. नेतानी पाण्यात उतरला, छातीभर लाटेत उभा राहून पाठीनं होडी रेटू लागला. पाय खडपावर सोलवटत होते ते वर पाण्यातही लाल दिसत होतं. पुढच्या लाटेनं आम्ही आतल्या शांत पाण्यात आलो. पोरं रडत होती. आक्का पुढं पिठाची पिशवी डोक्यावर धरून बसली होती, आणि तिची मान वळली नव्हती.

किनाऱ्याला लागल्यावर नेतानीनं इंजिन वर उचललं. पंखा गेला होता, आणि पंखा धरणारं खालचं सगळं पाऊल मधोमध फुटलं होतं. त्यानं त्यावर हात फिरवला, दुखऱ्या जनावरावर फिरवतात तसा. पुरुष भोवती जमले. इसोआ सगळ्यांत पुढं.

"बंद कशानं पडलं? कुणाची बाटली होती?"

नेतानीनं उत्तर द्यायच्या आधी तपकिरी बाटली पाण्यात बुडवली, खळखळून विसळली आणि लांब भिरकावून दिली. "कुणाची नाही," तो म्हणाला. "तेल कमी घेतलं. वाचवायला गेलो. माझंच चुकलं."

"खिंडीतून तेल कमी घेऊन आलास? माणसं घेऊन?" इसोआ म्हणाला. "एवढा चिकटपणा बरा नव्हे रे."

"हो," नेतानी म्हणाला.

"पोरं होती होडीत!" म्हातारी लाइसा ओरडली. "माझी बाटली हुंगायला नाक आहे, टाकी बघायला डोळे नाहीत?"

"हो, मावशी."

मला वाटलं तोंड उघडावं आणि सगळं ओकून टाकावं. त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी अळूच्या टोपल्या उचलल्या आणि घरी आले.

अंधार पडायला लागला तशी मी कंदील घेऊन आक्काकडे निघाले. भांडायलाच निघाले होते. वाटेत शब्द जुळवत होते, आणि चांगले कडू जुळले होते. दाराशी गेले तर घरात उजेड नाही. आत पोरी अंधारात चाचपडत उकडलेला कसावा खात होत्या.

"दिवा का नाही लावला?" मी म्हणाले.

मी कंदील वर केला. कोपऱ्यात तिचा दिवा होता, कोरडा, टोपण काढून उपडा ठेवलेला. माझे सगळे कडू शब्द तिथंच गळून पडले.

"रॉकेल काय नि पेट्रोल काय, दोन्ही जळतंच की गं, उना," ती खाली बघून म्हणाली. "दिव्यातही जळतं, इंजिनातही जळतं. मला काय माहीत? मोसेसेकडचं पेट्रोल मला परवडत नव्हतं. बाटली नसती तर किनाऱ्यावर उभं राहून हात हलवायचा. भावाच्या होडीला हात हलवायचा?"

"मग मला सांगायचं होतं!"

"तुला सांगितलं म्हणजे त्याला सांगितलं. मग त्यानं मला फुकट नेलं असतं, आणि गावानं त्याला खाल्लं असतं. म्हणून तर..." तिनं कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा काठ पदरासारखा तोंडावर धरला. "त्यानं हुंगायला हवी होती. वेड्यानं का नाही हुंगली?"

"तुझा मान ठेवला," मी म्हणाले.

"जळो तो मान," ती म्हणाली, आणि मग धाकट्या पोरीला जवळ ओढून इतकी रडली की पोरगी खायची थांबली. "तू त्याला सांग. मी गावासमोर जाते, चटई घालून माफी मागते. इंजिन दुरुस्त करायला सगळं गाव हात लावेल. सांग त्याला."

परत येताना माझा कंदील तिच्याच घरी राहिला. वाट मला पाठ होती.

नेतानी पायाला पाला बांधत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि ऐकत नसल्यासारखा फडकं गुंडाळत होता.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "ओततानाच वास आला. पण तेव्हा मागं लाट होती."

"मग सांगून टाक ना! गाव मदत करेल. त्यांचंही तेच म्हणणं आहे."

"आणि मग ती बाजाराला निघाली की पोरं तिच्या बाटलीकडे बघून हसतील. मरेपर्यंत हसतील. लाइसा मावशीवर अजून हसतात, आणि तिची बाटली तर खरी होती." त्यानं गाठ मारली. "मी काही ऐकलं नाही. तूही काही सांगितलं नाहीस."

"आणि मी? माझं काय? तू गेलास तर?" मी ओरडलेच. "बहिणीच्या अब्रूसाठी बायको टाकून जाणार तू?"

त्यानं पाय खाली सोडला आणि चेहरा तळहातांत घेतला. मी त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, कारण मीच तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो गावप्रमुखाकडे जाऊन आला. कशाला गेला होता, हे मी विचारलं नाही.

पुढचे दिवस त्यानं बैलासारखं काम केलं. माझ्यासाठी अळूचे वाफे खणले, छपराचे पत्रे ठोकले, एवढी लाकडं फोडून रचली की वर्षभर पुरावीत. इंजिन पुसलं, ऑइल लावलं आणि विलायती फणसाच्या झाडाखालच्या खोपटात आडव्या वाशाला टांगलं. येणारा जाणारा बघायचा. "चिकटपणाचं फळ," कुणीतरी म्हणालं. तो ऐकून घ्यायचा. मासे मिळाले की मोठा मासा अजूनही टोकाच्या घराच्या दाराशी टांगलेला असायचा. एकदा तो तसाच परत आला, माझ्या दाराशी. नेतानीनं उचलून पुन्हा तिकडे नेऊन टांगला.

ऑस्ट्रेलियाला निघायच्या दिवशी इसोआची होडी होती. गाव किनाऱ्यावर जमलं. नेतानीच्या अंगावर चर्चचा शर्ट, हातात वातेमोच्या बायकोनं नवऱ्यासाठी दिलेली सुक्या मासळीची पिशवी. आमच्या घरचं पेट्रोल संपलेलं, मोसेसेकडे सकाळपासून टाकी रिकामी. मी इसोआला म्हणाले, "याची बाटली नंतर देईन."

"अगं, याच्याकडून काय घ्यायची," इसोआ म्हणाला, पण बाकीचे होडीवाले बघत होते, आणि त्यानं मान खाजवली.

तेवढ्यात आक्का आली. हातात काचेची बाटली, भरलेली, वर नीट बूच. लोकांमधून येऊन तिनं ती नेतानीच्या पायांपासून थोडी लांब वाळूत ठेवली. या वेळी मागं सरून समुद्राकडे बघितलं नाही. खाली बघत उभी राहिली.

इसोआनं बाटली उचलली, बूच काढलं आणि सवयीनं नाकाकडे नेली.

नेतानीनं त्याचं मनगट धरलं. "हुंगू नकोस."

"अरे, मी सगळ्यांच्याच..."

"सगळ्यांच्या हुंग. ही नाही. ही माझ्या बहिणीची आहे."

ती तिथं उभी असताना, तिला ऐकू जाईल असं, त्यानं तिला बहीण म्हटलं होतं. म्हातारी लाइसा 'हे देवा' म्हणाली. इसोआनं नेतानीकडे बघितलं, मग आक्काकडे, आणि त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. त्यानं बाटलीत ऑइल घातलं. मग ती टाकीत उपडी केली, शेवटच्या थेंबापर्यंत.

आत काय होतं कुणाला ठाऊक? नवरा माझा होता होडीत.

इंजिन पहिल्या ओढीत पेटलं. नेतानीनं माझ्याकडे बघून हात वर केला. बाकी कुणाकडे बघितलं नाही. होडी निघाली, लहान झाली. लोक पांगले. मी आणि आक्का तिथंच उभ्या राहिलो, कारण आता बघण्यासारखं काही नव्हतं, ऐकण्यासारखं होतं. खिंडीपाशी आवाज एकदम खाली गेला. आक्कानं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. मग लाट ओलांडून आवाज पुन्हा वर आला, सरळ, न खोकता, आणि वाऱ्यात विरत गेला.

"पेट्रोलच होतं गं," आक्का म्हणाली. "कालच आणून ठेवलं. थोरलीच्या लग्नासाठी विणलेली चटई मोसेसेला दिली."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

मला कुठलं माहीत?